कॉम्प्युटरवरचे मेल गायब झाले? घाई करू नका, आधी ते राहत होते कुठे ते शोधा



शाळेच्या ऑफिसातला कॉम्प्युटर सुरू करावा, आउटलुक किंवा थंडरबर्ड उघडावं आणि मागच्या तीन वर्षांचे मेल दिसूच नयेत, अशी वेळ कुणावरही येऊ शकते. त्या मेलमध्ये काय काय असतं ते आपल्यालाच ठाऊक. शिष्यवृत्तीचा प्रस्ताव मुदतीत पाठवल्याचा पुरावा, एखाद्या मुलाच्या दाखल्यातली जन्मतारीख दुरुस्त करण्यासाठी झालेला पत्रव्यवहार, निवृत्त मुख्याध्यापकांनी चार्ज देताना पाठवलेल्या याद्या, सेवापुस्तकाच्या पडताळणीची पत्रं. घरचा कॉम्प्युटर असेल तर परगावी नोकरीला असलेल्या लेकीचे दहा वर्षांचे मेल, नाहीतर आता हयात नसलेल्या वडिलांनी लिहिलेल्या चार ओळी. कागद हरवला तर निदान कपाट तरी धुंडाळता येतं. मेल हरवला की कुठलं कपाट उघडायचं तेच समजत नाही.

आज आपण त्या कपाटाची ओळख करून घेऊ. पुढचं सगळं वाचून विसरलात तरी चालेल, पण एवढं ध्यानात ठेवा: डिलीट झालेला मेल बऱ्याचदा लगेच पुसला जात नाही. गडबडीत आपण नंतर जे करतो, त्यानं तो पुसला जातो.

डिलीट केल्यावर नेमकं होतं काय?

आपल्या सगळ्यांना कळेल असं उदाहरण घेऊ. वर्गात ४० मुलं आहेत आणि हजेरीपटावर ४० नावं. त्यातल्या एकाचं नाव तुम्ही हजेरीपटातून कमी केलंत, पण तो मुलगा अजून आपल्या बाकावर बसलेलाच आहे. हजेरी घेताना त्याचं नाव येणार नाही, म्हणून हजेरीपट बघणाऱ्याला वाटेल की मुलगा गेला. प्रत्यक्ष वर्गात जाऊन बघणाऱ्याला तो दिसेल. तो बाकावरून कधी उठेल? नवीन प्रवेश झालेला मुलगा त्या जागेवर येऊन बसेल तेव्हा, किंवा तुम्ही सगळा वर्ग पुन्हा ओळीनं बसवाल तेव्हा.

मेलचा प्रोग्राम असंच काम करतो. तुम्ही मेल डिलीट केला की तो आधी ट्रॅशमध्ये, म्हणजे ‘डिलीटेड आयटम्स’मध्ये जातो. तिथून काढला की प्रोग्राम आपल्या यादीतलं नाव खोडतो किंवा मेलवर ‘हा काढलेला आहे’ अशी खूण करतो. मजकूर फाइलमध्ये तसाच राहतो. नवीन मेल येऊन त्या जागेवर बसले की जुना मजकूर जातो. ‘कॉम्पॅक्ट’ नावाची सफाई चालली की सगळे बाक ओळीनं लागतात आणि खोडलेले मेल कायमचे बाहेर पडतात. म्हणजे मेल गेल्यावर आपल्या हातात थोडा वेळ असतो. तो कसा वापरायचा ते आता बघू.

पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं?

१. मेलचा प्रोग्राम बंद करा. सारखं उघडून-मिटून ‘आता आला का’ असं बघू नका.

२. नेटची वायर काढा किंवा वाय-फाय बंद करा. याचं कारण पुढे सांगतो, पण हे काम प्रोग्राम परत उघडायच्या आधीच झालं पाहिजे.

३. ‘कॉम्पॅक्ट करू का?’, ‘जागा वाचवू का?’ असं कॉम्प्युटरनं विचारलं तर ‘नाही’ म्हणा.

४. मेल ज्या फाइलमध्ये राहतात ती फाइल आधी पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. ती कुठे असते ते खाली दिलं आहे. पुढचे सगळे प्रयोग या कॉपीवर करायचे, मूळ फाइलला हात लावायचा नाही.

५. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे नेलात तर आधी बजावून सांगा, “फॉरमॅट मारायचा नाही.” आपल्याकडे कॉम्प्युटर स्लो झाला तरी फॉरमॅट आणि व्हायरस आला तरी फॉरमॅट हाच इलाज असतो. मेलसाठी तो सगळ्यात महाग पडतो.

आडात आहे की पोहऱ्यात?

‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण इथे अगदी चपखल बसते. मेल कंपनीचा सर्व्हर हा आपला आड आणि तुमच्या टेबलावरचा आउटलुक किंवा थंडरबर्ड हा पोहरा. या दोघांचं नातं दोन प्रकारचं असतं आणि मेल परत मिळण्याची शक्यता त्यावरच ठरते.

पहिला प्रकार पॉप. यात प्रोग्राम सर्व्हरवरून मेल उतरवून घेतो आणि सेटिंग तशी असेल तर सर्व्हरवरची प्रत काढून टाकतो. ही पद्धत अशी का बनली? आपल्या देशात विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा ते टेलिफोनच्या लाइनवरून चालायचं आणि मिनिटांचा हिशोब व्हायचा. जोडणी करायची, मेल उतरवायचे, जोडणी तोडायची आणि मग निवांत वाचायचं. सर्व्हरवर जागाही नसायची. २००४ मध्ये जीमेलनं १ जीबी जागा देऊ केली, त्या वेळी हॉटमेलच्या फुकट खात्यात मिळायचे फक्त २ एमबी. आड एवढासा असल्यावर पाणी घरी आणून ठेवणं भागच होतं. पॉपमध्ये आड रिकामा आणि पोहरा भरलेला असू शकतो, म्हणून तुमच्या डिस्कवरची फाइल हीच कदाचित एकमेव प्रत असते.

आउटलुकच्या अनेक आवृत्त्यांत ‘सर्व्हरवर प्रत ठेवा, १४ दिवसांनी काढा’ अशी सेटिंग आधीपासूनच असते, तेवढ्यात लक्षात आलं तर नशीब. जीमेल पॉपनं जोडलं असेल तर प्रत ठेवायची की नाही हे जीमेलच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ठरतं. म्हणून तिथे जाऊन बघायला विसरू नका.

दुसरा प्रकार आयमॅप. यात मूळ मेल सर्व्हरवर राहतात आणि कॉम्प्युटरवर त्यांची नक्कल असते. ऑफिसातला कॉम्प्युटर, सरांचा मोबाइल, क्लार्कचा लॅपटॉप अशा सगळ्यांकडे एकाच आडाचं पाणी. कॉम्प्युटर बिघडला तरी दुसऱ्यावर खातं जोडलं की मेल परत हजर. पण कुणी मोबाइलवर डिलीट केलं तर ते सगळीकडून जातं.

नेटची वायर काढायला सांगितली ती याचसाठी. समजा शनिवारी कुणीतरी मोबाइलवरून शाळेचे मेल साफ केले. ऑफिसातला कॉम्प्युटर शुक्रवारपासून बंद आहे. त्याला ही बातमी अजून कळलेलीच नाही, त्याच्या पोटात सगळे मेल सुखरूप आहेत. सोमवारी नेट चालू ठेवून प्रोग्राम उघडलात की तो सर्व्हरला विचारेल, सर्व्हर सांगेल ‘ते मेल काढलेत’, आणि तोही आज्ञाधारकपणे काढून टाकेल. वायर काढून मग उघडलात तर मेल जसेच्या तसे दिसतील. ते लगेच निवडा आणि स्थानिक फोल्डरमध्ये कॉपी करा: थंडरबर्डमध्ये ‘लोकल फोल्डर्स’, आउटलुकमध्ये नवीन तयार केलेली पीएसटी फाइल. ते झालं की मगच नेट जोडा.

मेल खरंच हरवलेत का?

कॉम्प्युटरचं नेट बंद ठेवून मोबाइलवर किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमधून खातं उघडा आणि हे तपासा.

ट्रॅश आणि स्पॅम बघा. जीमेलमध्ये दोन्ही ठिकाणी मेल ३० दिवस राहतो. मग ‘ऑल मेल’ बघा. जीमेल आयमॅपनं जोडलेलं असेल आणि सेटिंग बदललेली नसेल, तर बाहेरच्या प्रोग्राममध्ये इनबॉक्समधून काढलेला मेल बऱ्याचदा इथे पडून असतो.

मेल जुने गेलेले नसून नवीन येणंच थांबलंय, असंही असू शकतं. गुगलनं ३० मे २०२२ पासून साध्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं बंद केलं. त्यामुळे जुनं आउटलुक वापरणाऱ्यांना वाटलं की मेल हरवले, पण ते सगळे जीमेलवर व्यवस्थित येत होते. तसंच जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी भरले की नवीन मेल पाठवणाऱ्याकडेच परत जातो. तो तुमच्याकडे आलेलाच नसतो, म्हणून शोधूनही सापडणार नाही. पाठवणाऱ्याला फोन करा.

आउटलुकमध्ये आणखी चार ठिकाणं बघायची. वरती ‘अनरीड’ असा फिल्टर लागलेला आहे का? ‘फोकस्ड’ आणि ‘अदर’ असे दोन भाग असतील तर दुसरा भाग उघडलात का? ‘आर्काइव्ह’ फोल्डरमध्ये काही आहे का? नव्या आवृत्त्यांत मेल निवडून नुसतं बॅकस्पेस दाबलं गेलं तरी तो आर्काइव्हमध्ये जातो. आणि ऑटोआर्काइव्ह चालू असेल तर जुने मेल ‘आर्काइव्ह’ नावाच्या वेगळ्या पीएसटी फाइलमध्ये गेलेले असतात. ‘तीन वर्षांपूर्वीचे सगळेच गेले’ अशी तक्रार असेल तर आधी हीच फाइल शोधा.

आउटलुक वापरत असाल तर

आउटलुकच्या फाइली दोन प्रकारच्या. पॉप खात्याचे मेल पीएसटी फाइलमध्ये असतात आणि ती फाइल हेच मूळ असतं. आयमॅप, एक्स्चेंज आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ यांची ओएसटी फाइल असते, ती सर्व्हरवरच्या मेलची नक्कल. पीएसटी बहुतेक वेळा ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘आउटलुक फाइल्स’ फोल्डरमध्ये सापडते. नाहीतर ‘फाइल’ मेनूमध्ये अकाउंट सेटिंग्जमधल्या ‘डेटा फाइल्स’ या टॅबवर नेमका पत्ता दिसतो.

खातं मायक्रोसॉफ्टचं असेल तर डिलीटेड आयटम्स फोल्डर उघडा, वरती ‘फोल्डर’ टॅबवर जा आणि ‘रिकव्हर डिलीटेड आयटम्स फ्रॉम सर्व्हर’ हा पर्याय निवडा. ट्रॅशमधूनही काढलेले मेल इथे दिसतात. संस्थेच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ खात्यात ही मुदत सर्वसाधारणपणे १४ दिवस असते, ॲडमिन ती ३० दिवसांपर्यंत वाढवू शकतो. म्हणून ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणू नका.

आउटलुक उघडतच नसेल किंवा फोल्डर अर्धवट दिसत असतील तर पीएसटी फाइल बिघडलेली असू शकते. नागज, ढालगावकडच्या शाळा असोत नाहीतर कवठे महांकाळ शहर, वीज कधी जाईल याचा नेम नाही. आउटलुक चालू असताना फटकन लाइट गेली की फाइल लिहिता लिहिता अर्धवट राहते आणि बिघडते. यासाठी मायक्रोसॉफ्टचंच ‘स्कॅनपीएसटी’ नावाचं दुरुस्तीचं साधन ऑफिसबरोबर फुकट येतं. ‘प्रोग्राम फाइल्स’मधल्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या फोल्डरमध्ये ते सापडेल. आउटलुक बंद करा, स्कॅनपीएसटी उघडा, पीएसटीची कॉपी निवडा आणि ‘रिपेअर’ म्हणा. दुरुस्तीनंतर ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाचा फोल्डर तयार झाला असेल तर तोही नक्की बघा, जागा न सापडलेले मेल त्यात टाकलेले असतात.

जुन्या आउटलुकमध्ये, म्हणजे २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत, पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती. त्या मर्यादेला भिडलेली फाइल हमखास बिघडायची. आउटलुक २०१० पासून ही मर्यादा ५० जीबी झाली. पण शाळेत जुना कॉम्प्युटर, जुनं ऑफिस असेल तर फाइल किती मोठी झालीय यावर लक्ष असू द्या.

आउटलुकमधून खातं काढून टाकलं तरी पीएसटी फाइल डिस्कवर तशीच राहते. ‘फाइल’, ‘ओपन अँड एक्सपोर्ट’, ‘ओपन आउटलुक डेटा फाइल’ असं गेलात की ती पुन्हा जोडता येते. ओएसटी बिघडली तर आउटलुक बंद करून तिचं नाव बदला आणि आउटलुक परत उघडा, सर्व्हरवरून नवी नक्कल तयार होते. मात्र जो मेल सर्व्हरवर नाही तो नव्या नकलेत येणार नाही, म्हणून जुनी फाइल टाकून देऊ नका.

थंडरबर्ड वापरत असाल तर

थंडरबर्डची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. ते फुकट आहे आणि हरवलेले मेल शोधायला सगळ्यात सोयीचं आहे, कारण ते मेल साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतं. एका फोल्डरची एक फाइल. इनबॉक्सची फाइल ‘इनबॉक्स’ नावाचीच, पुढे काही एक्स्टेंशन नाही. तिच्याशेजारी त्याच नावाची एमएसएफ फाइल असते, ती आपला हजेरीपट. हे सगळं बघण्यासाठी ‘हेल्प’ मेनूत ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडा आणि ‘प्रोफाइल फोल्डर’समोरचं ‘ओपन फोल्डर’ दाबा.

सोपा उपाय आधी. फोल्डरवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘रिपेअर फोल्डर’. यानं हजेरीपट नव्यानं तयार होतो. मेल असूनही दिसत नसतील तर एवढ्यानंच दिसायला लागतात. आयमॅपच्या फोल्डरवर मात्र हे करण्याआधी फाइलची कॉपी घेतलेलीच पाहिजे, कारण तिथे रिपेअर म्हणजे सर्व्हरवरून सगळं नव्यानं उतरवणं. सर्व्हरवर नसलेला मेल त्यात जाईल.

तेवढ्यानं जमलं नाही आणि कॉम्पॅक्ट झालेलं नसेल तर थोडं आत शिरावं लागेल. थंडरबर्ड बंद करा. मेलच्या फाइलची कॉपी नोटपॅड प्लस प्लससारख्या एडिटरमध्ये उघडा. प्रत्येक मेलच्या सुरुवातीला ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ अशी इंग्रजी ओळ दिसेल आणि तिच्यापुढे चार अक्षरांचा आकडा. वाचलेल्या मेलपुढे ०००१ असतं. डिलीट केलं की त्यात ८ मिळवले जातात आणि ते ०००९ होतं. न वाचताच काढलेला मेल ०००८ होतो. हजेरीपटावरची काट म्हणजे हीच. ०००९ चं ०००१ करा, ०००८ चं ०००० करा, फाइल सेव्ह करा. ही दुरुस्त केलेली कॉपी वेगळ्या नावानं ‘लोकल फोल्डर्स’च्या फोल्डरमध्ये ठेवा आणि थंडरबर्ड उघडा. नवा फोल्डर दिसेल आणि त्यात तुमचे मेल. (फाइलमधले आकडे अर्थातच इंग्रजी असतील.)

एकच मेल हवा असेल तर याहून सोपं आहे. त्या मेलचा मथळ्यापासून शेवटपर्यंतचा सगळा मजकूर कॉपी करा, नव्या फाइलमध्ये पेस्ट करा आणि ईएमएल एक्स्टेंशन देऊन सेव्ह करा. थंडरबर्डमध्ये ती फाइल मेल म्हणून उघडते.

मराठी मेल शोधताना येणारी अडचण

इथे बरेच जण फसतात. फाइल एडिटरमध्ये उघडतात, ‘शिष्यवृत्ती’ असा शब्द शोधतात, काही सापडत नाही आणि मेल गेला म्हणून सोडून देतात. मेल तिथेच असतो, फक्त वेष बदललेला असतो.

ई-मेलची व्यवस्था मुळात इंग्रजी अक्षरांसाठी बनली. इतर लिपी आणि जोडलेल्या फाइली पाठवता याव्यात म्हणून नॅथॅनियल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये माइम नावाचं मानक तयार केलं. त्यात देवनागरी मजकूर बऱ्याचदा बेस-६४ नावाच्या पद्धतीनं इंग्रजी अक्षरांत बदलून पाठवला जातो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेतं आणि बेस-६४ मध्ये ३ बाइटची ४ अक्षरं होतात. ‘शाळा’ या शब्दात श, काना, ळ, काना अशी ४ चिन्हं. त्यांचे १२ बाइट, म्हणजे फाइलमध्ये १६ इंग्रजी अक्षरांची एक निरर्थक ओळ. विषयाची ओळही तशीच दिसते.

म्हणून मराठी शब्द शोधू नका. पाठवणाऱ्याचा ई-मेल पत्ता शोधा, तो इंग्रजीत जसाच्या तसा असतो. किंवा तारीख शोधा. मेल सापडला की वर सांगितल्याप्रमाणे ईएमएल फाइल करा, अक्षरं उलगडण्याचं काम थंडरबर्ड करेल.

वीस वर्षांपूर्वीचे मेल असतील तर आणखी एक गंमत. तेव्हा मराठी युनिकोडमध्ये क्वचितच लिहिलं जायचं. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टवर काम चालायचं. असा मेल सापडला तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसेल. तो खराब झालाय असं समजू नका. ज्या फॉन्टमध्ये लिहिला तो फॉन्ट कॉम्प्युटरवर टाका, मजकूर वाचता येईल.

कपाटातला एक्सपीवाला कॉम्प्युटर

बऱ्याच शाळांत जुना विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर धूळ खात पडलेला असतो. त्यातल्या आउटलुक एक्सप्रेसचे मेल डीबीएक्स फाइलींमध्ये असतात. कॉम्पॅक्ट करताना काही गडबड होऊन इनबॉक्स रिकामा झाला असेल तर रिसायकल बिन उघडून बघा. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून कॉम्पॅक्ट करण्याआधीची प्रत तिथे बीएके एक्स्टेंशननं ठेवली जाते. ती परत आणा, आधीची डीबीएक्स फाइल बाजूला ठेवा आणि हिचं एक्स्टेंशन डीबीएक्स करा. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, त्यामुळे या कॉम्प्युटरला नेट न जोडता काम करा.

तो कॉम्प्युटर भंगारात किंवा निर्लेखनात द्यायच्या आधी त्यातल्या मेलच्या फाइली काढून घ्या, हे मुख्याध्यापकांना आवर्जून सांगा.

फाइलच उडाली, फॉरमॅट झाला, तर?

विंडोज नव्यानं टाकताना जुना डेटा कधी कधी ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये राहतो. अपग्रेडनंतर १० दिवसांनी विंडोज तो आपोआप काढून टाकतं, म्हणून लगेच बघा.

फाइलच पुसली गेली असेल तर डिस्क कुठली आहे यावर पुढचं अवलंबून. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आशा आहे, कारण तिथेही हजेरीपटाचाच नियम चालतो. फोटोरेक, रेकुवा ही फुकट मिळणारी साधनं आहेत. ती त्याच डिस्कवर इन्स्टॉल करू नका, नाहीतर नवीन मुलगा नेमका जुन्याच्या बाकावर जाऊन बसेल. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि सापडलेलं तिसऱ्याच ठिकाणी सेव्ह करा. एसएसडी असेल तर आशा फार कमी. तिच्यात ट्रिम नावाची सोय असते आणि ती मोकळी झालेली जागा स्वतःहून पुसून घेते. डिस्कमधून कटकट असा आवाज येत असेल तर घरी काहीही करू नका, चालू-बंद करणं थांबवा आणि डेटा रिकव्हरीचं काम जाणणाऱ्याकडे द्या.

एका ठिकाणी ठेवलेलं ते गेलेलंच समजा

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आणि मिरज, पलूस, वाळवा तालुक्यांतल्या गावांत शिरलं. घरं, दुकानं, शाळा पाण्याखाली गेल्या. कॉम्प्युटर अशा पाण्यात गेला तर पॉपनं उतरवलेले मेल त्याच्याबरोबरच जातात. आपला तालुका दुष्काळी, इथे पूर कुठला, असं म्हणाल. पण विजेचा दाब, उंदीर, चोरी आणि फॉरमॅट यांना दुष्काळ लागत नाही.

मग सगळं सर्व्हरवर ठेवलं की झालं का? तेही पुरत नाही. फेब्रुवारी २०११ च्या अखेरीस सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीमुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के खात्यांतले मेल दिसेनासे झाले. गुगलकडे अनेक डेटा सेंटरमध्ये प्रती होत्या, पण चूक त्या प्रतींपर्यंतही पोचली. शेवटी मेल परत आले ते टेपवर घेतलेल्या बॅकअपमधून, कारण टेप कपाटात होत्या आणि तिथे ती चूक जाऊ शकली नाही. बॅकअप कशाला म्हणायचं हे यातून कळतं. सतत जोडलेली दुसरी प्रत पुरेशी नसते. एक प्रत सुटी, वेगळी ठेवलेली लागते.

शाळेसाठी एवढं करा:

१. खातं आयमॅपनं जोडा. पॉप असेल तर सर्व्हरवर प्रत ठेवायची सेटिंग करा.

२. दर सत्राच्या शेवटी सगळे प्रोग्राम बंद करून मेलच्या फाइली एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, तिच्यावर तारीख लिहा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा.

३. कॉपी केलेली फाइल वर्षातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडणारा बॅकअप असून नसल्यासारखाच.

४. शाळेचं वेगळं जीमेल खातं असेल तर त्यात अधूनमधून लॉग-इन करा. २ वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गुगल काढून टाकू शकतं, डिसेंबर २०२३ पासून ही कारवाई सुरू झाली आहे.

५. चार्ज देताना-घेताना पासवर्डबरोबरच खात्याला जोडलेला मोबाइल नंबरही बदला. निवृत्त सरांच्या नंबरवर ओटीपी जात असेल तर खातं असून हातात नाही.

सापडलेला मेल जपून ठेवताना

महत्त्वाचा मेल सापडला की नुसती प्रिंट काढून थांबू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायद्याची मान्यता आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये असा पुरावा कसा द्यायचा ते सांगितलं आहे, त्यासाठी प्रमाणपत्रही लागतं. मेल कुठून निघाला, कुठल्या सर्व्हरवरून किती वाजता गेला हे त्याच्या मथळ्यातल्या ओळींत असतं आणि प्रिंटमध्ये त्या येत नाहीत. म्हणून मूळ मेल ईएमएल किंवा आउटलुकच्या एमएसजी फाइलच्या रूपात जपा. प्रस्ताव मुदतीत पाठवला होता की नाही असा वाद निघाला, तर एखाद्या मुलाची शिष्यवृत्ती त्या ओळींवर अवलंबून असू शकते.

वर्गात हे कसं शिकवाल?

आठवी-नववीच्या मुलांना हे दहा मिनिटांत दाखवता येतं. दहा मुलांना दहा खुर्च्यांवर बसवा, फळ्यावर नावं लिहा. दोन नावं पुसा आणि विचारा, “मुलं गेली का?” मग बाहेरून एकाला बोलावून त्यातल्या एका खुर्चीवर बसवा, त्या खुर्चीवरचा मुलगा उठेल. आता विचारा, “कोण परत मिळेल आणि कोण नाही?” मुलं बरोबर उत्तर देतात. मोबाइलमधले फोटो, पेन ड्राइव्हवरच्या फाइली, मेल या सगळ्यांना हाच नियम लागू आहे हे त्यांना मग वेगळं सांगावं लागत नाही. घरी जाऊन ती आई-वडिलांनाही समजावतील.

मेल हरवल्यावर बॅकअपचा विचार करणं म्हणजे वरातीमागून घोडं. आज शाळा सुटायच्या आधी पाच मिनिटं काढा, आपलं खातं पॉप आहे की आयमॅप तेवढं बघा आणि ते एका कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. उद्या तुमच्या जागी दुसरं कुणी आलं तरी कुठलं कपाट उघडायचं ते त्यांना कळेल.